तेरा नॅनोमीटर कशावरून? नॅनोविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासात काय शिकावं लागतं

बाटलीत माणकाच्या रंगाचं पाणी आहे. त्यात रंग घातलेला नाही, सोनं आहे. साधारण १३ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण पाण्यात विखुरले आहेत. पाण्याच्या रेणूंच्या धडकांनीच ते हलते राहतात, इतके ते लहान आहेत, म्हणून तळाशी बसत नाहीत. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ च्या सुमारास बनवलेले असे नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवले आहेत आणि ते अजूनही रंग धरून आहेत.

आता प्रश्न असा, की हे कण १३ नॅनोमीटरचेच कशावरून? नॅनोविज्ञान आणि नॅनोतंत्रज्ञान या विषयात एमएस्सी किंवा एमटेक करताना विद्यार्थी जे शिकतो, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नाभोवती फिरतं. कण बनवायला रसायनशास्त्र लागतं, त्यांचा रंग समजायला भौतिकशास्त्र लागतं, आकार मोजायला उपकरणं लागतात आणि त्या मोजमापावर किती विसंबायचं हे ठरवायला संख्याशास्त्र लागतं. म्हणून हीच बाटली घेऊन पुढे जाऊ.

लहान झालं की काय बदलतं

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. सोन्याच्या एका अणूचा व्यास सुमारे ०.२९ नॅनोमीटर असतो. त्या हिशेबाने आपल्या १३ नॅनोमीटरच्या एका कणात अंदाजे ६८,००० अणू बसतात, आणि ५ नॅनोमीटरच्या कणात जेमतेम ३,९००. मजा पुढे आहे. १०० नॅनोमीटरच्या कणातले दोन टक्क्यांहूनही कमी अणू पृष्ठभागावर असतात. १० नॅनोमीटरला हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास जातं, ५ नॅनोमीटरला ३० टक्क्यांच्या. पृष्ठभागावरच्या अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी नसतात, त्यामुळे तो आतल्या अणूपेक्षा सैल बांधलेला आणि जास्त क्रियाशील असतो.

त्याचे परिणाम थेट दिसतात. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याच्या काही शे अंश आधीच वितळतात. कशाशीही सहज न जुळणारं म्हणून ओळखलं जाणारं हेच सोनं ५ नॅनोमीटरच्या खाली गेलं आणि योग्य ऑक्साइडवर बसवलं, की कमी तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडीभवन घडवणारा उत्प्रेरक बनतं. मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर असतं. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर तेवढ्याच पदार्थाचं एकूण क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर होतं. बॅटरी, उत्प्रेरक, वायू ओळखणारे सेन्सर या सगळ्यांतलं नॅनो मुख्यतः या एका भागाकारावर उभं आहे.

दुसरा बदल क्वांटम स्वरूपाचा आहे. इलेक्ट्रॉनला खूप लहान पेटीत कोंडलं, की त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या एकमेकींपासून दूर जातात. पेटीची लांबी निम्मी केली, तर कोंडण्यामुळे वाढलेली ऊर्जा चौपट होते. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाच्या मोठ्या तुकड्यात ऊर्जेची फट, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्टीत जायला लागणारी किमान ऊर्जा, १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या या आकड्याने भागलं की प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते, ७१३ नॅनोमीटर, म्हणजे लाल रंगाच्या पार टोकाला. कण ६ नॅनोमीटरचा केला की तो लाल प्रकाश देतो, आणि २ नॅनोमीटरच्या आसपास आणला की निळ्याकडे सरकतो. पदार्थ तोच, रंग मात्र आकार ठरवतो. अशा कणांना क्वांटम डॉट्स म्हणतात. त्यांच्या शोधासाठी आणि ते बनवण्याच्या पद्धतीसाठी अलेक्सी एकिमोव, लुई ब्रुस आणि मौंगी बावेंडी यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तोंडी परीक्षेत हमखास पडणारा खड्डा इथेच आहे. सोन्याचे कण लाल का दिसतात, असं विचारलं की निम्मे विद्यार्थी ‘क्वांटम कन्फाइनमेंट’, म्हणजे इलेक्ट्रॉनचं हेच कोंडणं, म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणात पातळ्यांमधलं अंतर खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेपुढे, म्हणजे सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्टपुढे, नगण्य असतं. तिथे प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राबरोबर सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावे खातात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषला जातो. याला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात, आणि गुस्ताव्ह मी यांनी १९०८ मध्ये मॅक्सवेलच्या अभिजात समीकरणांवरून त्याचा हिशेब मांडला. अर्धवाहकातला रंग आणि धातूतला रंग यांची कारणं वेगळी आहेत, हा फरक पहिल्या सत्रातच पक्का झाला पाहिजे.

पहिलं सत्र अवघड का जातं

कारण वर्गात वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक एका बाकावर बसतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला श्रोडिंजरचं समीकरण येतं, पण १ मिलीमोलर (लिटरमागे मोलचा एक हजारावा भाग) द्रावण करायला किती मिलीग्रॅम लागतील इथे तो अडतो. रसायनशास्त्रातून आलेल्याला प्रयोगशाळा घरासारखी वाटते, पण ब्रिल्वाँ झोन आणि ऊर्जापट्ट्या आल्या की पाय लटपटतात. जीवशास्त्रातून आलेल्यांना गणिताची भीती असते, मात्र पेशींसोबत काम करण्याची त्यांची शिस्त इतरांना वर्षभरात जमत नाही. अभियांत्रिकीतून आलेले उपकरणं लवकर हाताळतात आणि ऊष्मागतिकीत रेंगाळतात.

चांगला अभ्यासक्रम पहिल्या सत्रात ही दरी बुजवण्यासाठी वेगळे पूरक तास ठेवतो. तरी प्रवेश मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे दोन महिने वाया घालवू नयेत. पेटीतला कण आणि हार्मोनिक दोलक हे दोन प्रश्न स्वतः कागदावर सोडवावेत. मोलॅरिटीची आणि द्रावण पातळ करण्याची वीस-पंचवीस गणितं करावीत. मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं काढता यावीत. आणि पायथनमध्ये एक फाइल वाचून आलेख काढणं आणि त्यावर गाउसियन वक्र बसवणं, एवढं जमायला हवं. हे शेवटचं सर्वांत जास्त कामी येतं, कारण इथलं प्रत्येक उपकरण शेवटी दोन रांगांचे आकडे हातात ठेवतं.

बाटली भरताना

सोन्याचे कण बनवण्याची सर्वांत प्रचलित रीत टर्केविच यांची, १९५१ ची. जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात ती पहिल्या काही प्रात्यक्षिकांत असते. क्लोरोऑरिक आम्ल या सोनं असलेल्या संयुगाचं १ मिलीमोलरचं २० मिलिलिटर द्रावण ढवळत उकळायचं आणि नीट उकळी फुटल्यावर १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं २ मिलिलिटर द्रावण एकदम ओतायचं. फिका पिवळा रंग जातो, द्रावण क्षणभर रंगहीन होतं, मग काळपट निळं-जांभळं, आणि काही मिनिटांत गडद लाल. आणखी दहा मिनिटं उकळून, ढवळतच थंड करायचं. सायट्रेट इथे दोन कामं करतं. सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचं धातूत रूपांतर करतं, आणि तयार झालेल्या कणांवर बसून त्यांना ऋणभार देतं, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात.

कृती चार ओळींची आहे, आणि ती बिघडते मात्र डझनभर कारणांनी. भांडं स्वच्छ नसेल, तर काचेला चिकटलेल्या जुन्या कणांवरच नवं सोनं बसत जातं आणि आकार वेडेवाकडे येतात. म्हणून भांडी आणि चुंबकीय ढवळकांडी, दोन्ही अम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने, धुरकक्षात (विषारी वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) धुतात आणि मग भरपूर शुद्ध पाण्याने विसळतात. ढवळकांडी विसरली जाते, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार तीच असते. पाणी १८.२ मेगाओम-सेंटिमीटर रोधकतेचं, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं, लागतं. क्लोरोऑरिक आम्ल धातूच्या चमच्याने उचलायचं नाही, चमचा गंजतो आणि नमुन्यात लोह जातं. शिवाय ते हवेतली ओल झपाट्याने ओढतं, त्यामुळे दरवेळी ८ मिलीग्रॅम तोलत बसण्यापेक्षा आख्खी कुपी एकदाच विरघळवून साठा-द्रावण करावं आणि अंधारात ठेवावं. उकळताना वर कंडेन्सर हवा. नाहीतर वाफ उडून २० चे १६ मिलिलिटर होतात आणि पुढचे सगळे आकडे चुकतात.

सायट्रेट थेंब-थेंब घातलं तर? मग केंद्रकं, म्हणजे कणांची सुरुवातीची बीजं, एकाच वेळी तयार होत नाहीत. आधी जन्मलेले कण वाढत राहतात, नंतरचे लहान राहतात आणि आकारांचा पसारा वाढतो. सायट्रेट कमी घातलं तर कण मोठे होतात. फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये हेच प्रमाण बदलून १६ पासून १४७ नॅनोमीटरपर्यंतचे कण मिळवले. ‘केंद्रकं झटक्यात, वाढ सावकाश’ हे सूत्र क्वांटम डॉट्सपासून लोह ऑक्साइडपर्यंत सगळीकडे लागू पडतं. म्हणून या साध्या प्रयोगावर एक आख्खा आठवडा घालवावा, असं आमचं ठाम मत आहे.

आता जरा हिशेब. सगळं सोनं कणांत गेलं असं धरलं, तर एका मिलिलिटरमध्ये ८ लाख कोटींच्या आसपास कण होतात, म्हणजे सुमारे १३ नॅनोमोलर. १३ नॅनोमीटरच्या कणाचा मोलर विलोपन गुणांक, म्हणजे तो प्रकाश किती अडवतो याचं माप, दर मोलर दर सेंटिमीटर २७ कोटींच्या घरात धरतात. तो लावला की एक सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या पारदर्शक नळीत) शोषकता ३.६ येते. बहुतेक स्पेक्ट्रोमीटर एवढी शोषकता भरवशाने मोजत नाहीत, शिखर वरून सपाट दिसायला लागतं. विद्यार्थी त्या सपाट शिखराचा अर्थ लावत बसतात! नमुना पाच पट पातळ केला की ०.७ येते आणि शिखर नीट दिसतं.

पातळ कशाने करायचं, हेही महत्त्वाचं आहे. शुद्ध पाण्याने. जीवशास्त्राच्या सवयीने फॉस्फेट बफर सलाइन हे खारट द्रावण घातलं, की डोळ्यांदेखत लाल रंग निळा-जांभळा होतो. कणांवरच्या ऋणभाराची ढाल पाण्यात किती लांब पोचते, ते मिठाच्या प्रमाणावर ठरतं. १ मिलीमोलर साध्या मिठात ती लांबी सुमारे १० नॅनोमीटर असते, १०० मिलीमोलरला ती १ नॅनोमीटरच्याही किंचित खाली येते. मग कण एकमेकांच्या इतके जवळ येतात की अगदी जवळून लागू होणारं व्हॅन डर वाल्स आकर्षण जिंकतं आणि गुठळ्या होतात. एकदा चिकटलेले हे कण हलवून सुटत नाहीत. बफर वापरायचाच असेल, तर त्याआधी कणांवर थायॉल (गंधकाचा गट) जोडलेल्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारख्या रेणूंचं आवरण चढवावं लागतं.

एकच कण, चार उत्तरं

आता आकार मोजू. अभ्यासक्रमात ‘कॅरॅक्टरायझेशन’ नावाचा विषय असतो आणि आमच्या मते पदवीचा कणा तोच आहे. एकाच बाटलीतल्या द्रावणाला चार उपकरणं चार आकडे देतात, आणि चारही आपापल्या जागी खरे असतात.

क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे एक्सआरडीत, विखुरलेल्या क्ष-किरणांच्या आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून आकार काढतात. शेररचं सूत्र सोपं आहे. ०.९ ला तरंगलांबीने गुणायचं, आणि शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी (रेडियनमध्ये) गुणिले शिखराच्या निम्म्या कोनाचा कोसाइन याने भागायचं. तांब्याच्या नळीची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. समजा सोन्याचं मुख्य शिखर ३८.२ अंशांना आलं आणि त्याची रुंदी ०.८५ अंश भरली. रुंदी रेडियनमध्ये केली की ०.०१४८, कोन अर्धा केला की १९.१ अंश, आणि उत्तर ९.९ नॅनोमीटर. रेडियन विसरलात, तर उत्तर येतं ०.१७ नॅनोमीटर, म्हणजे सोन्याच्या एका अणूपेक्षाही लहान कण! कोन अर्धा करायला विसरलात, तर ११.९ येतं, आणि ही चूक जास्त घातक आहे, कारण आकडा पटण्यासारखा दिसतो. उपकरणाची स्वतःची रुंदीही आधी वजा करावी लागते. ती प्रमाण नमुन्यावरून काढतात.

बरं, ९.९ का, १३ का नाही? कारण एक्सआरडी कणाचा आकार देतच नाही. सलग रचना असलेल्या स्फटिकाच्या तुकड्याचा आकार ते देतं. एका कणात दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या दिशांनी जुळलेले असू शकतात, आणि टर्केविचच्या कणांत असे जोड नेहमीच सापडतात.

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे डीएलएस, बाटलीतच मोजतं. कण किती वेगाने भरकटतो यावरून व्यास काढतं, म्हणून त्यात कणाबरोबर ओढला जाणारा आवरणाचा आणि पाण्याचा थरही येतो. १३ च्या जागी १८ किंवा २० दिसणं स्वाभाविक आहे. तापमान चुकीचं भरलं तर पाण्याची विष्यंदिता (दाटपणा) बदलते आणि आकडा सरकतो. खरा धोका निराळाच आहे. लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका उजळ दिसतो. त्यामुळे धुळीचे दोन-चार कण किंवा मूठभर गुठळ्या सगळा निकाल फिरवतात. मोजण्याआधी नमुना ०.२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून गाळावा. आणि अहवालात ‘इंटेन्सिटी’ची (प्रकाशाच्या तीव्रतेनुसार) सरासरी लिहिली आहे की ‘नंबर’ची (कणांच्या संख्येनुसार), हे स्पष्ट सांगावं.

पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, टीईएम, कण प्रत्यक्ष दाखवतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या, कार्बनचा पातळ पापुद्रा असलेल्या तांब्याच्या जाळीवर ३ ते ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवून वाळवतात. थेंब वाळताना कण कडेला ढकलले जातात आणि एकमेकांवर चढतात. चित्रात गुठळ्या दिसल्या म्हणजे बाटलीतही होत्या, असा निष्कर्ष काढता येत नाही. तो काढायचा असेल, तर शोषण वर्णपट आणि डीएलएस यांची साक्ष काढा. दुसरी गंमत नमुन्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणाऱ्या ऊर्जा-विश्लेषणाच्या वर्णपटात दिसते. तांब्याचं भलंमोठं शिखर येतं आणि नवशिका ‘नमुन्यात तांबं सापडलं’ असं लिहून मोकळा होतो. ते तांबं जाळीचं असतं.

टीईएमच्या चित्रातून आकार काढताना निदान २०० ते ३०० कण मोजावेत, तेही जाळीच्या वेगवेगळ्या चौकोनांतून. सुंदर दिसणारे वीस कण निवडून काढलेली सरासरी म्हणजे निवडणाऱ्याच्या आवडीचं मोजमाप. इमेजजे या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजपट्टीचं अंशांकन आधी करावं, चिकटलेले कण वेगळे करावेत किंवा वगळावेत, आणि वगळले तर तसं लिहावं. आकडा नेहमी तीन भागांत द्यावा: सरासरी, प्रमाण विचलन आणि मोजलेल्या कणांची संख्या.

अणुबल सूक्ष्मदर्शक, एएफएम, एका अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपतो. सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १० नॅनोमीटर असते, म्हणजे टोक कणापेक्षा बोथट! ५ नॅनोमीटरचा कण त्यामुळे उंचीला ५ पण रुंदीला २० नॅनोमीटर दिसतो. एएफएमची उंची घ्यायची, रुंदी सोडून द्यायची.

मग खरा आकार कोणता? विचारणाऱ्याला कशासाठी हवा आहे, यावर ते ठरतं. रक्तात कण कसा वागेल याला डीएलएसचा आकडा जवळचा, उत्प्रेरकाचं क्षेत्रफळ काढायला टीईएमचा, स्फटिकरचनेसाठी एक्सआरडीचा.

वरून खाली: क्लीनरूम

आतापर्यंत अणूंपासून कण रचला. उलटी वाट म्हणजे सिलिकॉनच्या मोठ्या चकतीवर बारीक आकृती कोरणं, आणि चिप तशाच बनतात. त्यासाठी क्लीनरूम लागते. आयएसओ ५ वर्गाच्या खोलीत घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. दिवे पिवळे असतात, कारण प्रकाशसंवेदी लेप, म्हणजे फोटोरेझिस्ट, निळ्या आणि अतिनील प्रकाशाने बिघडतो.

क्रम ठरलेला आहे. चकती धुवायची, तापवून ओल घालवायची, चिकटपणा वाढवणारं रसायन द्यायचं, रेझिस्ट फिरवून पसरवायचा, १०० ते ११५ अंशांना मिनिटभर भाजायचा, मुखवट्यातून प्रकाश द्यायचा, विकसित करायचा आणि मग कोरायचं किंवा धातू चढवायचा. लेपाची जाडी फिरण्याच्या वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. मिनिटाला ४,००० फेऱ्यांना १.४ मायक्रोमीटर जाडी येत असेल, तर २,००० ला सुमारे २ येईल. रेझिस्ट सुटून येत असेल, तर दहापैकी नऊ वेळा चकती नीट वाळलेली नसते. लिफ्ट-ऑफ करताना, म्हणजे नको असलेला धातू रेझिस्टसकट काढून टाकताना, धातू भिंतींवर चढला, तर रेझिस्टबरोबर तो निघत नाही, कडेला कानासारखे उभे पापुद्रे राहतात. धातूची जाडी रेझिस्टच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवली आणि रेझिस्टची कड आत वळलेली असली, की हे टळतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. बाजारात ‘३ नॅनोमीटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिपमध्ये ट्रान्झिस्टरचा कुठलाच मुख्य भाग तीन नॅनोमीटरचा असेल असं नाही. ते पिढीचं नाव आहे. शेजारच्या दोन गेट्समधलं (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या भागांमधलं) अंतर अजूनही काही दशक नॅनोमीटर असतं.

ऐच्छिक विषय

नॅनोवैद्यकाकडे जाणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच शिकावी. रक्तात गेलेल्या कणावर क्षणार्धात प्रथिनांचा थर चढतो, आणि पेशी कणाला भेटण्याआधी त्या थराला भेटते. विषारीपणा तपासायच्या एमटीटी चाचणीत ५७० नॅनोमीटरच्या आसपास रंग मोजतात, जितक्या जास्त पेशी जिवंत तितका रंग गडद. सोन्याचे कण तिथेही प्रकाश शोषतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत असल्यासारखा आकडा येतो. पेशी नसलेला, फक्त कण असलेला नियंत्रण-नमुना ठेवला नाही, तर तो आख्खा प्रयोग फुकट.

संगणकीय शाखेत काय करता येत नाही, हे आधी कळावं. डेन्सिटी फंक्शनल थिअरीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा क्वांटम नियमांनी काढण्याच्या पद्धतीचा, खर्च साधारण अणुसंख्येच्या घनाने वाढतो. शंभर-दोनशे अणूंवर ती सुखाने चालते, पण ३,९०० अणूंच्या आपल्या ५ नॅनोमीटरच्या कणावर नेहमीच्या साधनांनी चालवणं जवळजवळ अशक्य. अणूंची हालचाल पावलापावलाने काढणाऱ्या मॉलेक्युलर डायनॅमिक्समध्ये लाखो अणू चालतात, पण पाऊल एका फेम्टोसेकंदाचं असतं. एक नॅनोसेकंद पाहायला दहा लाख पावलं टाकावी लागतात. ऊर्जा, संवेदक, द्विमितीय पदार्थ हे बाकीचे विषय त्या त्या संस्थेत कोण शिकवतं त्यावर अवलंबून निवडावेत.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

द्रावणातल्या कणांपेक्षा कोरडी नॅनोपूड धोक्याची, कारण ती हवेत उडते आणि फुप्फुसात खोल जाते. पूड उघडायची ती धुरकक्षात किंवा ग्लोव्हबॉक्समध्येच. पायरान्हा द्रावणात, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात, असिटोनचा ओघळही गेला तर स्फोट होतो. ते झाकण घट्ट लावून कधीच साठवायचं नाही, वायू कोंडून बाटली फुटते. हायड्रोफ्लोरिक आम्ल सर्वांत फसवं, कारण पातळ असेल तर लागल्यावर लगेच दुखत नाही. ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल आणि दुसरं माणूस खोलीत नसेल, तर त्या बाटलीला हात लावू नये.

संस्था निवडताना आणि प्रबंध करताना

माहितीपत्रकात उपकरणांची लांबलचक यादी असते. ती वाचून खूश होऊ नका. एकच विचारा: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर विद्यार्थी स्वतः किती तास बसतो? तंत्रज्ञ नमुना घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी चित्र ईमेल करतो, अशी पद्धत असेल, तर फोकस आणि अस्टिग्मॅटिझम (एका दिशेला ताणली जाणारी प्रतिमा) दुरुस्त करणं तुम्ही कधीच शिकणार नाही. वीस ऐच्छिक विषय आणि दोन महिन्यांचा प्रबंध, यापेक्षा सहा विषय आणि वर्षभराचा प्रबंध कितीतरी चांगला. मागच्या दोन-तीन तुकड्यांचे प्रबंध ग्रंथालयात पाहायला मिळतात. त्यातल्या आलेखांवर त्रुटीपट्ट्या (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) आहेत का, एवढं पाहिलं तरी संस्थेची शिस्त कळते.

पदवीनंतर पीएचडी ही एक वाट. चिप उद्योगात प्रक्रिया आणि मापनाचं काम, लेप, बॅटऱ्या, निदानसंच या दुसऱ्या वाटा. घरी करायच्या गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. आपल्या बाटलीतल्याच पदार्थाची, फक्त आकाराने थोड्या मोठ्या कणांची.

प्रबंधाचं वेळापत्रक मात्र उपकरणांच्या रांगेवरून बांधा. टीईएमची वेळ तीन-चार आठवड्यांनी मिळत असेल, तर पहिला नमुना दुसऱ्या महिन्यातच तिथे पोचला पाहिजे. बाटलीवर तारीख, बॅच क्रमांक आणि संहती लिहा. ‘नवीन’, ‘फायनल’ अशी नावं देऊ नका. उपकरणातून निघालेली मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, आलेखासाठी तिची प्रत वापरा. फसलेले प्रयोगही वहीत त्याच तपशिलाने उतरवा, कारण ढवळकांडी धुतली होती की नाही हे तीन महिन्यांनी तिथेच सापडतं. आणि एकाच बाटलीतला नमुना तीनदा मोजून त्याला ‘तीन पुनरावृत्ती’ म्हणू नका. त्याने उपकरण किती स्थिर आहे एवढंच कळतं. तुमची कृती स्थिर आहे का हे पाहायचं, तर तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने धुतलेल्या भांड्यांत, तीनदा कण बनवावे लागतात.